पाठीतलं इंजिन

"परत सांग गं, ते इंजिनाचं," हाडांचे डॉक्टर म्हणाले आणि शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी आत बोलावलं.

मी सांगितलं. पाठीत मालगाडीचं इंजिन शिरलंय. उठले की शिट्टी मारतं. शिट्टी पार जेऊरपर्यंत जाते. तिथला स्टेशनमास्तर घरी येऊन हिरवी झेंडी दाखवून गेला.

सगळे खिदळले. मीही. आमच्या वस्तीत दुखणं असंच सांगतात. रडत सांगितलं तर कुणी बसायला पाट देत नाही. हसवलं तर चहा मिळतो. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर वाकून वाकून पाठ गेली, तेव्हापासून मी अख्खी गल्ली हसवत होते.

पण सात रस्त्यावरच्या या मोठ्या दवाखान्यात मी हसवायला आले नव्हते. अलीकडे भांडी घासता घासता माझे पाय आपोआप गच्चीकडे वळत. कठड्याशी उभी राहिले की इंजिन गप्प. त्या गप्प होण्याची मला भीती वाटायची. तेवढंच सांगायचं होतं.

"राहतेस कुठं?"

वस्तीचं नाव सांगितलं.

"हां. तिकडची." मग शिकाऊंकडे वळून, "यांची हाडं कष्टाची. दुखत नाहीत, कामाचा कंटाळा येतो. लिहून घ्या."

एकानं खरंच लिहून घेतलं.

माझ्या आधीच्या बाईंना याच डॉक्टरांनी "ताई, सावकाश बसा, मनावर ताण आहे का?" विचारलेलं मी दारातून ऐकलं होतं. म्हणून म्हणाले, "मलाबी मनाच्या डाक्टरकडं धाडा की."

"तुला कशाला मन?" परत खिदळणं. "गोळ्या घे. आणि या मॅडम आत्ता आल्यात, त्यांना इंजिनाचं सांग एकदा."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. गोष्ट जिभेवर तयार होती, लई रंगलेली. आणि मला दिसलं: मी अशीच हसवत घरी जाणार, तशीच गच्चीवर. लोक म्हणतील, लई हसरी बाई होती.

"न्हाय सांगत."

"काय?"

"पाठ दुखतीया. रोज. आन् मला मरावं वाटतंय. आता हसा."



"असं बोलू नये, बाई," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यानं बाई झाले मी.

"मनाच्या डाक्टरला चिठ्ठी लिवा. तवर मी हितनं उठत न्हाय."

बाहेर रांग खोळंबली. खोळंबू दे. चिठ्ठी घेऊनच उठले.

पाठ अजून दुखते. मनाच्या डॉक्टरबाईंनी तोंडावर सांगितलं, दुखणं पूर्ण जाणार नाही, त्याच्यासकट जगायला शिकावं लागेल. शिकते आहे. गच्चीची किल्ली जाऊबाईच्या कमरेला आहे. काही दिवस वाईट जातात, फार वाईट.

पण आता वस्तीतली कुणी हसत हसत दुखणं सांगायला लागली की मी हसत नाही. तिला घेऊन त्याच हाडांच्या डॉक्टरांच्या दारात जाते. आधी तिला खुर्ची. मग तिला "तुम्ही". त्याशिवाय मी त्यांचं दार सोडत नाही, आणि सोडणार नाही.