रमीबाईची टोपली

मोलगीच्या वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर रमीबाई राहते. तिचा आवाज खालच्या ओढ्यापर्यंत जायचा. लग्नात गाणी तिची, भांडणात शिव्याही तिच्याच. अशा बाईला एका अस्वलाच्या पिल्लानं मुकं केलं.

कठडा नसलेल्या विहिरीत अस्वलीण पडून मेली. कठड्यासाठी आम्ही किती वेळा बोंबललो ते सोडा. काठावर दोन पिल्लं कुईकुई करत राहिली. एक लगेच गेलं. दुसऱ्याला रमीबाईनं शेळीच्या दुधावर जगवलं. मग वनखात्याचे साहेब आले, सोबत शहरातला डॉक्टर. पिल्लू मोठं करून परत जंगलात सोडायचं ठरलं. करायचं कुणी? रमीबाईनं. साहेबांना मीटिंगा असतात.

डॉक्टरची अट करडी होती: पिल्लाला माणसाची सवय लागता कामा नये. माणसाला भ्यालं तरच वाचेल, नाहीतर एक दिवस गावात येईल आणि कुऱ्हाडीखाली जाईल. म्हणून त्याला नाव ठेवायचं नाही. त्याच्यापुढं जाताना तोंडावरून काळी घोंगडी, अंगाला चिखल, आणि अवाक्षर नाही.

रमीबाईनं हे सगळं पाळलं. जंगलाच्या कडेला कुंपण घातलं होतं, तिथं वारूळ फोडून वाळवी कशी खायची ते दाखवलं. पिल्लू तापानं फणफणलं तेव्हाही घोंगडीच्या आत ओठ चावून बसली. घरी आली की सगळं सुनेवर निघायचं. सून रंजना हसायची, "आई, त्याच्या वाटणीचंही मलाच बोलतेस का?"

मोहाची फुलं पडायला लागली, तशी रमीबाई ती वेचून टोपलीतून त्याच्यापुढं ठेवू लागली. आमच्याकडं फूल झाडावरून पडतं आणि टोपलीत जातं, तिसरी जागा त्याला माहीत नाही. रोज टोपली, रोज त्यात नाक. तोंड झाकलं, आवाज झाकला, वास झाकला. टोपली झाकायचं तिला सुचलं नाही; स्वतःचा हात कुणाला दिसतो? साहेब येऊन फोटो काढून गेले. फोटोत टोपली होती. त्यांनाही दिसली नाही.

पावसाळा संपल्यावर त्याला सोडलं. साहेबांनी नारळ फोडला, भाषण केलं. रमीबाई मागं घोंगडी घेऊन उभी होती. ते वळूनही न बघता झाडीत शिरलं. ती खूश झाली. घरी येऊन मोठ्यानं हसली.

पुढच्या मोहाला बाया पहाटे वेचायला गेल्या. ते आलं. सगळ्या पळाल्या, रंजनाच्या काखेत मात्र भरलेली टोपली अडकली. त्यानं टोपलीच ओढली. पंज्याखाली रंजनाचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला. मग ते तिथंच बसून टोपलीतली फुलं खात राहिलं.

रमीबाईच्या पोरानं, नारसिंगनं, कुऱ्हाड काढली. "आई, तुझ्या लाडक्यानं माझ्या बायकोचा हात खाल्ला. आता बोलू नको."

"हात नाही, टोपली," रमीबाई म्हणाली. तेव्हा तिला कळलं. "त्याला टोपलीचं भ्या घालते. नाही भ्यालं तर तूच मार. मी आड येणार नाही."

ती मोलगीच्या बाजारात गेली. नंदुरबारहून येणारा छगन मिरची तोलता तोलता म्हणाला, "मावशी, इतली तिखी मिरची कोनासाठे? जवाई आवडस नही का?"

"पोरासाठी," ती म्हणाली. छगन हसला.

पहाटे तिनं फुलांच्या खाली मिरचीची पूड दाबून टोपली झाडाखाली ठेवली. घोंगडी घरीच ठेवली. खडकामागं ती, मागं नारसिंग कुऱ्हाड घेऊन. ते आलं. सरळ टोपलीत नाक खुपसलं. मग जे किंचाळलं ते नारसिंग आजही सांगताना थांबतो. तोंड मातीत घासत, झाडाला धडकत ते गोल फिरलं आणि खडकाकडंच वळलं.

रमीबाई उभी राहिली आणि ओरडली. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. पाड्यावरच्या सगळ्या शिव्या, त्याच्या आईवरून, तिच्या स्वतःवरून. तिचा खरा आवाज त्यानं पहिल्यांदा ऐकला तो असा. ते उलटं फिरलं आणि पळालं.

परत आलं नाही. साहेबांनी कुठंतरी 'यशस्वी पुनर्वसन' म्हणून भाषण ठोकलं म्हणे. रंजनाचा हात वर जात नाही, त्याबद्दल भाषणात काही नव्हतं. मी विचारायला गेले तर साहेब मीटिंगला.

रमीबाई आता फुलं ओटीत वेचते. तिच्या सांगण्यावरून पाड्यातल्या बायाही. टोपल्या घरी उलट्या घालून ठेवल्यात.

परवा मोहाखाली गेले तेव्हा तिची ओटी भरलेली होती. मला म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. मिरचीनं डोळे जातात का हो त्याचे?"

मी कुठली शिकलेली! पण म्हटलं, "नाही जात."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.