गारगोटीच्या बाजारातलं लुगडं

पुण्याहून सकाळी सातच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो होता. तीन वर्षांपूर्वी गारगोटीच्या आठवडी बाजारात मी एका बाईंचा तो काढला होता. आता मोठा करून, चौकटीत बसवून, त्यांना भेट द्यायला निघाले होते. त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

मी टीव्ही मालिकांची वेशभूषा करते. सध्या चालू असलेल्या आमच्या मालिकेतलं गाव कोल्हापूरकडचं आहे आणि तिच्यात काशाक्का नावाची करणी करणारी बाई आहे. ती दिसावी कशी, यावर आम्ही आठवडाभर अडलो होतो. मग मला त्या फोटोची आठवण झाली. काळपट जांभळं इरकली लुगडं, लाल काठ, दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला पदर, खणाच्या चोळीच्या बाहीला हिरवं ठिगळ, कपाळावर आडवं कुंकू, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. मी सगळं जसंच्या तसं उचललं, ठिगळसुद्धा. काशाक्का लोकांच्या तोंडी बसली आणि मला त्या वर्षी वेशभूषेचं बक्षीस मिळालं. त्या बाईंचे आभार मानायचे तेव्हापासून मनात होतं. शिवाय मालिकेत आता लग्न येणार होतं, त्यासाठी खरी लुगडी आणि चांदीचे दागिने बघायचे होते.

कोल्हापूरला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकून खानावळीत गेले. तांबड्या रश्श्याच्या पहिल्या घोटालाच डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या काकांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढे सरकवली. "पावणं, ह्ये घ्या वरनं. गार वाटंल." मग मी ती वाटी संपवेपर्यंत ते तिथेच उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी हुपरीला निघाले. गडमुडशिंगीत गाडी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे प्रवासी रस्त्याकडेला उतरून उसाचा रस पीत उभे राहिलो. अर्ध्या तासात शेजारच्या बाईंनी माझं गाव, लग्न, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं. टीव्हीत काम करते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग दिसत न्हाईसा कधी?" कपडे करते, असं सांगितलं. "शिवून देता व्हय," एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं. ज्यांच्याकडे गेले त्या बापूंच्या सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) चौघेजण मांडी घालून पैंजणांच्या कड्या जोडत होते. मालिकेचं नाव सांगताच बापूंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"त्या पाटलीणबाईच्या पायात सोन्याचं पैंजण तुम्हीच घातलं व्हय?"

"कॅमेऱ्यात पिवळं उठून दिसतं," मी म्हणाले.

"सोनं पायात घालत न्हाईत, ताई. लक्ष्मी हाय ती. आमच्यात पाटलीण असू दे न्हाईतर आणि कोण, पायात चांदीच." त्यांनी एका डबीतून पैंजणाचा जोड काढून माझ्या हातावर ठेवला. चांदीवर सोन्याचं पाणी चढवलेलं. "आता गिऱ्हाईक असलं मागतंय. मालिकेतल्यावाणी करा म्हणतंय. मी पन्नास वर्सं ह्यो धंदा करतोय, असलं कधी केलं नव्हतं. आता करतो."

ते चिडले नव्हते. त्यामुळे मला जास्त अवघड झालं. ते पैंजण मी एका संध्याकाळी, कपाटात चांदीचे सापडले नाहीत म्हणून घालायला दिले होते. पाच मिनिटांचा निर्णय. हातावरचा तो जोड बघून मला पहिल्यांदा धसकल्यासारखं झालं. पण लगेच मनाला समजावलं, की पैंजणच तर आहेत.

तिसऱ्या दिवशी गारगोटी. मुदाळतिट्ट्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पुढे रस्ता चढाला लागला तसे डोंगर जवळ आले. हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर होता. बाजाराचा दिवस मुद्दाम साधला होता. मला आठवत होती ती जागा, चिंचेखाली मिरच्यांच्या रांगेत. पण तिथे दुसरीच बाई बसली होती. तिला मोबाईलवर फोटो दाखवला.

"ही काशाक्का की," ती हसून म्हणाली.

मीही हसले. "तशी दिसते ना? पण ह्या खऱ्या कोण?"

"आमच्या हौसाबाई. कांदा-लसणीची चटणी विकायच्या हितं." आणि मग तिचं हसू गेलं. "आता बसत न्हाईत त्या बाजारात. तुम्ही कोण त्यांच्या?"

पाव्हणी आहे, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं बोटानं वाट दाखवली.

घर बाजारामागच्या गल्लीत होतं. दार त्यांच्या सुनेनं, संगीतानं उघडलं. आत एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या. अंगावर फिकट गुलाबी गोल साडी (इकडे सहावारीला गोल साडी म्हणतात), कपाळावर चिकटवायची बारीक टिकली. मी ओळखलंच नसतं. हनुवटीवरचे तीन ठिपके दिसले तेव्हा खात्री पटली.

"या, बसा की," हौसाबाई म्हणाल्या. संगीतानं पाणी दिलं. मी मोठ्या उत्साहात वर्तमानपत्र सोडलं आणि चौकट त्यांच्या पुढ्यात धरली.

दोघी वाकून बघू लागल्या. संगीतानं आधी विचारलं, "ह्यो फोटो कुणी काढला?"

"मीच. तीन वर्षांपूर्वी, बाजारात. मी मालिकांचे कपडे करते. त्या काशाक्काचा पोशाख मी ह्यांच्यावरूनच केला. आभार मानायला आले."

हौसाबाईंनी हातातली लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. "म्हंजे तू हाईस व्हय ती."

त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघत सांगत गेल्या. कोल्हापूरकडच्या बायका बोलताना 'येते, जाते'च्या जागी 'येतो, जातो' म्हणतात, तशाच त्या बोलत होत्या.

"आधी पोरं हाका मारायची, काशाक्का आली म्हणून. मी बी हसायचो. टीव्हीत आलो म्हटलं. पोरी फोटू काढून घ्यायच्या माझ्यासंगं, हातात लिंबू देऊन. मग बाजारात एक बाई चटणी घेता घेता थांबली. म्हणाली, ह्यांच्या हातचं नको. चेष्टाच हुती तिची. पण शेजारची बी थांबली. मग गल्लीतल्या एका पोराला ताप आला. उतरंना. त्याची आई दारातनं जाताना पोराचं तोंड पदरानं झाकायला लागली. माझ्या नजरंपासनं."

"आत्यांनीच बाळंतपण केलंय तिचं," संगीता मध्येच म्हणाली; सासूला इकडे आत्या म्हणतात. "ह्याच पोराच्या टायमाला. आणि तीच आता तोंड झाकती."

स्टुडिओत मी त्या नटीच्या हनुवटीवर स्वतः पेनानं तीन ठिपके काढले होते. दिग्दर्शक लांबून बघून म्हणाले होते, भीती वाटते बघ हिची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी पण.

"लुगडी?" मी विचारलं. माझी नजर त्यांच्या गुलाबी साडीवर होती.

संगीता आत गेली आणि एक वाकळ (जाड गोधडी) घेऊन आली. माझ्यासमोर पसरली. जुनी लुगडी वाकळेत जातात हे मला माहीत होतं. पण हे कापड जुनं नव्हतं. काळपट जांभळे, गर्द हिरवे, विटकरी इरकलीचे तुकडे, काठाचा लाल रंग अजून झळझळीत. एकाची तर घडीची रेघही मोडली नव्हती.

"सहा हुती," हौसाबाई म्हणाल्या. "दोन माझ्या भावानं घेतलेली, न नेसलेली. एका दिवसात फाडली मी. तवापासनं हीच साडी. पायात घोटाळती, पन कोण वळून बघत न्हाई."

मी त्या वाकळेवर हात ठेवला आणि काढला. लग्नाच्या प्रसंगासाठी असलीच लुगडी शोधत मी इतक्या लांब आले होते. शरमेनं माझी मान वर होईना. माफी मागितली. शब्द फार किरकोळ वाटले.

"मला तवा विचारलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मी नेसवून बी दाखवलं असतं. पदर कसा घ्यायचा ते सांगितलं असतं. तुझ्या त्या बाईचा पदर डावीकडनं चुकलाय. पन विचारलं असतंस तर विचारलं असतं मी बी, की कुणाला नेसवणार हाईस."

"आता मी काय करू?"

"ते लुगडं काढ तिच्या अंगावरनं. आणि ह्यो फोटू घिऊन जा."

संगीतानं चौकट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. तरी चहा केल्याशिवाय त्यांनी मला उठू दिलं नाही. कपबशी देताना हौसाबाईंनी क्षणभर हात थांबवला, आणि मी लगेच कप घेऊन पहिला घोट घेतला तेव्हाच त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्या थांबण्याचा अर्थ मला परतीच्या गाडीत, मुदाळतिट्ट्याच्या आसपास कळला. मी घेते का नाही, हे त्या बघत होत्या.

कोल्हापुरात आणखी एक दिवस राहायचं ठरलं होतं, रंकाळ्यावर जायचं होतं. गेले नाही. सामान उचललं आणि मिळेल त्या गाडीनं निघाले.

मुंबईत, मालिकेच्या स्टुडिओत, दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाईट झालं. पण प्रेक्षकांना काशाक्का तशीच आवडते." मी म्हणाले, मग श्रेयनामावलीतून माझं नाव काढा, मी उद्यापासून येत नाही. दोन दिवस वाद झाला. शेवटी लेखकानं काशाक्काला कथेत शहरात धाडलं आणि ती परत आली ती भारी रेशमी साडीत, कपाळावर गोल टिकली, हनुवटी कोरी. साडी निवडताना माझे हात चालेनात. अशी साडी नेसणारीही कुठंतरी कुणी असणारच, हे आता डोक्यातून जात नाही. मी भागांच्या सुरुवातीला चार ओळी दाखवायलाही सांगितलं होतं, की हा पोशाख कष्टकरी बायांचा आहे, करणीशी त्याचा संबंध नाही. त्या ओळी एकदाच दाखवल्या, वाचून होण्याआधी गेल्या.

बदल दिसायला लागल्यावर महिनाभरानं मी संगीताला फोन केला. तिनं सांगितलं, भाग बघितला, आत्यांनीही बघितला. चटणी आता ती स्वतः बाजारात नेऊन विकते, थोडी खपते.

"आणि आत्या? लुगडं नेसतात का पुन्हा?"

मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"एक आणलं की मी त्यास्नी नवं," ती म्हणाली. "घडी उलगडली, हात फिरवला, आणि मलाच म्हणाल्या, तू नेस."