ताराराणी चौकात गाडी कुणी बंद केली

गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी शशिधर हुक्केरी महामार्गालगतच्या एका शोरूमच्या आवारात उकिडवे बसून नव्या पांढऱ्या गाडीच्या चाकांखाली लिंबं सरकवत होते. इंजिन सुरू करून वीस मिनिटं होऊन गेली होती. गाडी गडमुडशिंगीच्या अमरसिंह पाटलांची. त्यांचे फोटो चालले होते, किल्लीच्या आकाराचा मोठा पुठ्ठा हातात धरून, आधी बायकोबरोबर, मग आईबरोबर, मग शोरूमच्या सगळ्या माणसांबरोबर. इंजिन चालूच होतं. ते बंद करायची परवानगी कुणालाच नव्हती.

शशिधर चोपन्न वर्षांचे आहेत. सोमवार ते शनिवार ते गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवतात. रविवारचं काम वेगळं. कोल्हापूरच्या आसपास कुणी नवी गाडी घेतली, की ती शोरूममधून जोतिबाच्या डोंगरावर पहिल्यांदा न्यायला अनेक घरांतून शशिधरांना बोलावणं येतं. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक मानतात. ते पैसे घेत नाहीत. नारळ, टॉवेल-टोपी आणि डोंगरावरून उतरल्यावर जेवण, एवढाच मान. आजवर किती गाड्या नेल्या हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. चारशेच्या पुढे असाव्यात असं ते सांगतात.

त्यांचा नियम एकच. शोरूममध्ये सुरू झालेलं इंजिन देवाच्या पायरीपर्यंत बंद होता कामा नये. त्यासाठी पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवायला ते सांगतात, कारण पंपावर इंजिन बंद करावं लागतं. वाटेत चहाला थांबायचं नाही, फोटोला थांबायचं नाही. शशिधर सिग्नलला उभे राहतात तेव्हाही शिस्तीत. गाडी न्यूट्रलला, क्लचवरून पाय काढून खाली. गियर टाकून क्लच दाबून धरणाऱ्या पोरांची गाडी पाय जरा सुटला की एका झटक्यात बंद पडते, हे त्यांनी खूपदा पाहिलं आहे.

या नियमाचा उगम मात्र देवाशी फारसा संबंधित नाही. १९९६ साली त्यांच्या एका मित्राने शिरोळात जुनी जीप घेतली. तिची बॅटरी इतकी कमजोर होती की बंद केली असती तर धक्का मारायला आठ माणसं लागली असती. म्हणून शशिधरांनी ती शिरोळहून थेट जोतिबापर्यंत बंदच केली नाही. पुढे ती जीप एकोणीस वर्षं चालली. लोकांनी बॅटरी विसरून हात लक्षात ठेवला.

सव्वीस जणांनी गाडीला हात लावून झाल्यावर, साडेनऊच्या सुमारास, लिंबं चिरडून गाडी निघाली. पुढच्या सीटवर अमरसिंहांच्या आई धोंडुबाई बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. पट्टा लावताना त्यांनी दावणीला बांधल्यासारखं वाटतंय असं जाहीर केलं. एसीचा वारा नाकात जातो म्हणून तो बंद करायला लावला आणि काचा खाली घेतल्या. मागे अमरसिंह, त्यांच्या पत्नी आणि पेढ्यांचे तीन पुडे.

ताराराणी चौकात लाल दिवा लागला होता. शशिधर थांबले, गाडी न्यूट्रलला घेतली, पाय खाली ठेवला. दोन सेकंदांत इंजिन थांबलं. धडधड नाही, झटका नाही, गप्पच झालं. समोर वेग दाखवणाऱ्या काट्यांजवळ एक हिरवा दिवा लागलेला होता, तो त्यांनी पाहिला नाही. त्यांनी ऐकलं ते धोंडुबाईंना.

"का रं, निजली व्हय?"

शशिधरांचा हात स्टार्टच्या बटणावर गेला. त्यांनी ते दाबलं. समोरचे सगळे दिवे गेले. रेडिओवर भक्तिगीत चालू होतं, तेही मधेच तुटलं. सिग्नल हिरवा झाला. मागून एका ट्रकने आणि दोन रिक्षांनी हॉर्न धरले. शशिधरांनी क्लच दाबून पुन्हा बटण दाबलं, गाडी सुरू झाली, आणि ते निघाले.

दसरा चौकात पुन्हा तेच झालं. इथे त्यांचा डावा पाय सवयीने आधी क्लचवर गेला आणि बटणाला हात लावायच्या आत इंजिन आपलं आपण सुरू झालं. त्यामुळे त्यांना हायसं वाटलं नाही, उलट जास्त काळजी वाटली. अमरसिंहांनी मागून सांगून पाहिलं की सेल्समन असं काहीतरी म्हणत होता, पेट्रोल वाचतं वगैरे. नक्की काय म्हणाला, हे त्यांना आठवेना. तेव्हा ते फोटोसाठी केस नीट करत होते.

डोंगरावर गुलाल लावून झाला, नारळ फुटला, जेवणही झालं. टॉवेल-टोपी देताना धोंडुबाई एवढंच म्हणाल्या की ताराराणी चौकात बंद पडली ती पडलीच. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, नोंद केल्यासारखं म्हटलं होतं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत ही नोंद गडमुडशिंगीहून कागलला पोचली. अमरसिंहांची बहीण संयोगिता तिथे राहते. पुढच्या महिन्यात तिच्या घरी गाडी यायची आहे आणि तारीख शशिधरांच्या रविवारच्या हिशोबाने ठरली होती. तिने निरोप पाठवला की तूर्त थांबू या. दुसऱ्या एका घरातून फोन येणार होता, तो आलाच नाही. मंगळवारी बसमधल्या कामगारांनी शशिधरांना सांगितलं की अण्णा, उजळाईवाडीच्या पुलावर तेवढं सांभाळून घ्या, आमची हजेरी चुकायला नको. शशिधर हसले. घरी मात्र बायकोने, सौंदर्याने, दोनदा विचारलं तरी त्यांना मंगळवारच्या जेवणात काय होतं ते सांगता आलं नाही.

बुधवारी ड्यूटी संपल्यावर ते गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे तेजस्वी नावाची तंत्रज्ञ आहे, पंचविशीची. तिने त्यांना अशाच एका गाडीत बसवलं आणि आवारात दहा मिनिटं चालवायला लावली, कारण उभ्या गाडीचं इंजिन आपोआप थांबवायची ही सोय ते गरम झाल्याशिवाय काम करत नाही. मग थांबायला सांगितलं. न्यूट्रल. पाय खाली. इंजिन थांबलं. तिने तो हिरवा दिवा बोटाने दाखवला. हा दिवा आहे तोवर गाडी बंद पडलेली नाही, ती थांबून वाट बघतेय, असं ती म्हणाली. क्लचवर पाय ठेवला की पुन्हा सुरू होते. उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं नाही, एवढाच हेतू.

शशिधरांनी खूप प्रश्न विचारले. तेजस्वीला उत्तरं द्यायला मजा येत होती, कारण बहुतेक गिऱ्हाइकं फक्त हे कायमचं काढून टाका म्हणतात. बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन आपोआप थांबत नाही. एसी जोरात हवा असेल तर थांबत नाही. चालकाचा पट्टा सुटला असेल तर थांबत नाही. गियरमध्ये क्लच दाबून उभं राहिलं तरी थांबत नाही.

शशिधरांनी रविवार मनात पुन्हा मांडला. शोरूममध्ये अर्धा तास चालू ठेवल्यामुळे इंजिन पहिल्याच सिग्नलला पुरेसं गरम झालं होतं. धोंडुबाईंमुळे एसी बंद होता. पट्टा त्यांनी लावलेला होता. आणि न्यूट्रलला घेऊन पाय खाली ठेवायची त्यांची तीस वर्षांची सवय. एखादं धसमुसळं पोर चालवत असतं तर इंजिन जोतिबापर्यंत एकदाही आपोआप थांबलं नसतं.

त्यांना बरं वाटलं. उठता उठता त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, की ताराराणी चौकात सगळे दिवे का गेले मग?

"तुम्ही तेव्हा बटण दाबलं का काका?"

दाबलं, असं ते म्हणाले.

"मग ती तुम्ही बंद केली. ती चालूच होती."

तेजस्वीने नंतर त्यांना आणखी एक बटण दाखवलं, गोल बाणाच्या आत 'ए' अक्षर असलेलं. ते दाबलं की ही सोय तेवढ्या फेरीपुरती बंद राहते. गाडी नव्याने सुरू केली की बटण पुन्हा दाबावं लागतं. शशिधरांनी ते ऐकलं, पण त्यांचं लक्ष उडालं होतं. ते आपलं निर्दोषत्व सिद्ध करायला आले होते आणि निकाल उलटा लागला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ते गडमुडशिंगीला गेले. अमरसिंह गावच्या सोसायटीतल्या कामावरून नुकते आले होते. शशिधरांनी धोंडुबाईंना गाडीत बसायची विनंती केली. त्यांनी आधी कारण विचारलं, मग पदर खोचून बसल्या. उचगावपर्यंत जाऊन परत येताना, गावाच्या कमानीपाशी मोकळी जागा बघून शशिधर थांबले. न्यूट्रल. पाय खाली. इंजिन थांबलं. हिरवा दिवा लागला. त्यांनी तो दाखवला आणि तेजस्वीने सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, गरम इंजिन, एसी, पट्टा, पाय. मग क्लच दाबला. इंजिन सुरू झालं.

धोंडुबाईंनी पुन्हा करायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी खिडकीतून कान बाहेर काढून खात्री करून घेतली. मागे अमरसिंह खूश झाले होते. त्यांनी आईला सांगितलं की बघ, अण्णांचा काही दोष नाही, हे फीचर आहे. विषय तिथे मिटला असता. शशिधरांना तो मिटू देता आला असता.

धोंडुबाई समोरच्या दिव्यांकडे बघत होत्या.

"आत्ता दिवं हाईत की हे सगळं. त्या दिशी का गेल्तं?"

"ते मी घालवलं, मावशी. मला वाटलं बंद पडली, म्हणून बटण दाबलं. ती बंद पडली नव्हती."

"म्हंजे गाडी न्हाय बंद पडली. तू बंद केलीस."

"व्हय."

अमरसिंहांनी मध्ये पडून सांगायला सुरुवात केली, की नवीन तंत्रज्ञान आहे, कुणाचंही चुकलं असतं. त्यांना आईने गप्प केलं. शोरूममधल्या माणसाचं नीट ऐकलं असतंस तर या माणसाला सांगता आलं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

कमानीखालून दोन म्हशी आणि एक दुचाकी गेली. धोंडुबाईंनी म्हशी जाईपर्यंत वेळ घेतला. मग त्यांनी निकाल दिला. गाडीत खोट नाही. शशीच्या हातातही खोट नाही. चूक झाली ती घाईची, आणि त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली. तेव्हा फेरी पुन्हा करायची. त्याच शोरूमच्या दारातून, त्याच रस्त्याने, डोंगरापर्यंत.

अमरसिंहांनी एक अडचण काढली. गुलाल लावून झाला आहे, देवाला दोनदा कसं सांगायचं.

"बुधवारी पाईप लावून धुतलीस न्हवं गाडी? गेला की गुलाल. परत लावायचा."

शशिधरांनी मग त्या गोल बाणाच्या बटणाबद्दल विचारलं. फेरीपुरती ती सोय बंद ठेवता येईल, इंजिन कुठेच थांबणार नाही, शंकेला जागा राहणार नाही. धोंडुबाईंना ते पटलं नाही. गाडीला जे शिकवून पाठवलं आहे ते तिला करू द्यावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"ती थांबू दे न्हायतर पळू दे. तू तेवढा तुझा हात आवर."

घरी परतल्यावर त्यांनी अमरसिंहांकडून कागलला फोन लावून घेतला. संयोगिताला त्यांनी लांबण न लावता सांगितलं की तारीख आहे ती राहू दे, माणूस तोच येईल. पलीकडून काही विचारलं गेलं असावं. धोंडुबाई म्हणाल्या की तुझ्या गाडीतही ते हिरव्या दिव्याचं आहे का ते आधी विचारून घे, म्हणजे पावण्याला दारात आल्यावर शिकायला नको. मग फोन ठेवून त्यांनी शशिधरांना चहा दिला, आणि बशीत ओतून घे, गरम आहे, असंही सांगितलं.

काल शनिवार धरून शशिधरांचे सहा दिवस बसवर गेले. त्या बसला असली सोय नाही. तिचं इंजिन सिग्नलला चालूच राहतं. तरी उजळाईवाडीच्या पुलाअलीकडे थांबले असताना, कामगारांच्या सांगण्यानुसार, अण्णांचा हात मांडीवर होता आणि ते समोरच्या काट्यांकडे बघत होते.

आज रविवारची फेरी आहे. शशिधर आठ वाजून चाळीस मिनिटांनी गडमुडशिंगीत पोचतील आणि नऊच्या पुढे पाटलांची गाडी शोरूमच्या दारातून दुसऱ्यांदा निघेल. पेट्रोल काल रात्रीच भरून ठेवलेलं आहे. उद्या सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कारखान्याची बस पहिल्या पाळीच्या कामगारांना घ्यायला निघते, आणि ती शशिधर हुक्केरीच चालवतात.