भूतानचा गोलकीपर, बोरीचा जावई

ताईचा फोन आला तेव्हा मी आबांना घेऊन बेल्ह्याच्या बाजारात होतो. आबा, म्हणजे आमचे वडील, आता बैल घेत नाहीत. पण बाजार भरला की त्यांना बैल बघायला लागतात. एका खोंडाच्या तोंडात हात घालून ते दात बघत होते. आजूबाजूला टेम्पोंची घरघर, त्यात ताईचा आवाज तुटत होता. ती, दाजी आणि माझी भाची असे तिघे ताईच्या सासूबाईंना भेटायला भूतानला गेले होते. "पेमा गेले," एवढंच आधी मला ऐकू आलं. मग ती सावकाश म्हणाली, सकाळी त्यांच्या आईशी बोलत चहा पीत होते, बोलता बोलताच मान कलली… डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला तसं आबांनी विचारलं, "जावईबापू व्हते का? कवा निघणार म्हणत्यात?" मी त्यांना एका टेम्पोच्या फाळक्यावर बसवलं आणि सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लई हसवलं त्या माणसानं आपल्याला."

त्याला आता दीड महिना होऊन गेला. दाजींवर लिहायचं म्हणून दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा रडू यायच्या आधी हसू आलं. तेव्हा आबांचंच खरं धरून लिहितो.

पेमा दाजी भूतानच्या राष्ट्रीय संघाचे गोलकीपर होते. देश एवढासा, डोंगरांमध्ये बसलेला. तिथं सपाट जागा मिळणं मुश्कील. लहानपणी उतारावर दोन दगड मांडून खेळायचे आणि बॉल सुटला की खालच्या ओढ्यापर्यंत पळावं लागायचं. "म्हणून मी गोलकीपर झालो," ते सांगायचे, "पळायचा कंटाळा. अडवला की काम संपलं." अठरा-एकोणीस वर्षांचे असताना ते खेळायला भारतात आले. आधी कोलकात्यातला एक लहानसा क्लब, मग गोवा, मग पुणे. त्यातली कितीतरी वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर गेली. अधूनमधून देशाकडून बोलावणं यायचं, ते जायचे आणि बहुतेक वेळा हरून यायचे. त्या काळात भूतानचा संघ फार मोठ्या फरकानं हरायचा. जाळ्यातून बॉल काढून मध्यावर पाठवायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा पाठवायचा. एवढं हरून माणूस कडवट होईल. दाजी झाले नाहीत. देशाचं गाणं लागलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा आणि तेवढ्यासाठी ते पुन्हा जायचे.

सुनंदाताई पुण्यात फिजिओथेरपिस्ट. खांदा दुखावला म्हणून दाजी तिच्याकडे आले, आणि खांदा बरा झाल्यावरही येत राहिले. ताईनं घरी सांगितलं तेव्हा आबांनी मुलगा काय करतो म्हणून विचारलं. ती म्हणाली, फुटबॉल खेळतो. आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. करतो काय?" नाव ऐकून तर आईनं पदरच तोंडाला लावला. पेमा हे बाप्याचं नाव असू शकतं हे तिला काही केल्या पटेना. बघायला म्हणून ते आमच्या गावी, बोरीला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. ओसरीवर चपला काढल्या, आत आले, समोर बुद्धांची तसबीर दिसली आणि कुणाशी काही न बोलता त्यांनी फरशीवर तीनदा लोटांगण घातलं. आम्ही जन्मापासून त्या तसबिरीपुढं हात जोडत आलो. असं कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. आबा खाकरले आणि आईला म्हणाले, "चहा टाक." लग्न तिथंच ठरलं.

जेवायला आईनं भीतभीत चिमूटभर ठेचा वाढला होता. दाजींनी तो भाजीसारखा खाल्ला आणि आणखी मागितला. त्यांच्याकडे मिरचीचीच भाजी करतात, हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत! आई ज्या माणसाला ठेचा सोसतो त्याला आपला मानते. त्या दिवसापासून पेमाचे 'प्रेमराव' झाले. मराठीही ते आईकडून आणि शेतातल्या बायांकडूनच शिकले, त्यामुळे पुण्यात क्लबच्या कार्यालयात ते "आमी आलो व्हतो, पण तुमी नव्हता" असं बोलायचे आणि समोरचा माणूस चेहऱ्याकडे बघतच राहायचा.

पुढं गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि क्लबनं करार वाढवला नाही. पस्तिशी उलटलेला, गुडघा शिवलेला गोलकीपर कोण घेणार? त्या वेळी ते महिनोन्‌महिने आमच्याकडेच होते. चेष्टामस्करी चालू असायची, पण बांधावर एकटेच बसलेले दिसायचे. त्यातच भूतानहून निरोप आला की पावसाळ्याआधी शेजारच्या एका मोठ्या देशाशी सामना आहे, पहिल्या गोलकीपरचं मनगट मोडलंय, जमेल का? दाजींनी आधी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, गुडघा सांभाळते, पण हातांचा सराव हवा. सराव कुणाबरोबर करणार? गावात सगळी पोरं क्रिकेट खेळणारी.

वाट आबांनी काढली, तीही नकळत. टोमॅटोचा तोडा संपला होता, पिकून मऊ झालेली फळं वावरात तशीच होती. बांधावर बसलेल्या दाजींच्या दिशेनं आबांनी गंमत म्हणून एक फेकला. दाजींनी तो अलगद झेलला. आबांनी दुसरा जरा जोरात फेकला. तोही अख्खा. दुसऱ्या दिवशी आबांनी शेजारपाजारचे गोळा केले, दोन बांबू रोवले आणि नियम सांगितला, "फुटला की गोल." गावातले जलदगती गोलंदाज जीव खाऊन टोमॅटो मारायचे. पहिल्या आठवड्यात दाजी रोज लालभडक होऊन यायचे आणि आई शर्टांवरून आबांना बोलायची. मग फुटायचे कमी झाले. हात मऊ ठेवायचा, बॉलला आपल्याकडे येऊ द्यायचं, त्याच्याशी भांडायचं नाही… दाजी आम्हाला समजावून सांगायचे. जाताना एसटीच्या थांब्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. मला हळूच म्हणाले, "हरलो तर चालेल. हसं व्हायला नको, एवढंच."

सामना दुपारचा होता. आम्ही समाजमंदिरात भिंतीवर मोबाइलचं चित्र लावलं. टोमॅटो मारणारे सगळे पुढच्या रांगेत. समोरचा संघ पहिल्या मिनिटापासून भूतानच्या अंगावर येत राहिला. एकदा बॉल खांबाला लागून आला, एकदा दाजींच्या पायाला. ताई मागं भिंतीला टेकून उभी होती, ती बॉलकडे बघतच नव्हती. तिला फक्त गुडघा दिसत होता. शेवटी शेवटी त्यांच्या एका उंच खेळाडूनं लांबून असा काही तडाखा मारला की आमच्यातला एक जण डोळे मिटून खाली बसला. दाजी झेपावले, आणि उठले तेव्हा बॉल छातीशी होता. थोड्या वेळानं शिट्टी वाजली. पडद्यावर भूतानचे खेळाडू एकमेकांवर पडून रडत होते आणि इकडं आम्ही नाचत होतो. आबांनी माझा हात धरून विचारलं, "जिंकलं कोण?"

कुणीच नाही, मी सांगितलं, शून्य-शून्य.

"मंग ह्ये नाचत्यात कशापायी?"

मी म्हटलं, आजपर्यंत भूतानवाले यांच्याविरुद्ध दर वेळी हरत आले होते, आबा. आज पहिल्यांदाच हरले नाहीत. आबांनी मान हलवली आणि मग तेही नाचणाऱ्यांत गेले. तासाभरानं दाजींचा फोन आला. त्यांना ताईशी नाही, आधी आबांशी बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून गोंगाटातून आवाज आला, "आबा, आज एक पण फुटला नाय."

ते परत आले तेव्हा गावानं त्यांना ट्रॅक्टरवर बसवून मिरवलं. ते एकटे बसायलाच तयार होईनात. टोमॅटो मारणाऱ्या एकेकाला हात देऊन वर ओढलं, ट्रॉली भरली, तेव्हा ट्रॅक्टर हलला.

तो त्यांचा शेवटचा सामना. त्यानंतरची दहा-बारा वर्षं त्यांनी आमच्या भागातल्या मुलींना शिकवण्यात घालवली. बोरीपासून पार मढपर्यंतच्या शाळांमध्ये मोटारसायकलवर जायचे, मागं जाळीत बांधलेले बॉल. बिबट्यामुळं सराव दिवस मावळायच्या आत आटपायचा, आणि तो शिट्टी वाजवून नव्हे तर "बिबट्या आला, गोल मोजा" असं ओरडून. मुली हरून रडायला लागल्या की स्वतःच्या हरलेल्या सामन्यांच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचे की रडणारी मुलगी पोट धरून हसायची. एकदा मी त्यांना म्हटलं, दाजी, तुम्ही जिंकलेल्या सामन्यांचं कधी सांगत नाही. ते म्हणाले, "त्यात सांगण्यासारखं काय असतं राव?"

तिकडं त्यांचे अंत्यसंस्कार त्यांच्या डोंगरात झाले. ताई आणि भाची परतल्यावर इकडं आम्ही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. मढच्या मुली टेम्पो करून आल्या, खेळाच्या कपड्यांत. भंतेजींचं झाल्यावर कुणीतरी दाजींबद्दल दोन शब्द बोलायला उठलं आणि पाचव्या वाक्याला सभा हसायला लागली. ताईसुद्धा हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

आता घर पुन्हा रोजच्यासारखं चालू झालंय. आमच्या स्वयंपाकघराचं दार अरुंद आहे. दाजींची सवय अशी की घरी असले की त्याच दारात उभे राहायचे, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि चुलीजवळच्या आईशी गप्पा मारायचे. आईला ताट घेऊन बाहेर यायचं असलं की ते मुद्दाम हलायचे नाहीत. मग ती अंग चोरून, आडवी होऊन त्यांच्या हाताखालून निघायची, आणि बाहेर बसलेले आबा म्हणायचे, "गोल." परवा दुपारी मी आणि आबा जेवायला बसलो होतो. आई भाकरी घेऊन आली, दाराशी थांबली, आणि मोकळ्या दारातून तशीच आडवी होऊन, डोकं जरा खाली घालून बाहेर आली. तिचं तिलाही कळलं नाही. आबांनी तिच्याकडे बघितलं, ताटात भाकरी घेतली, आणि हळूच म्हणाले, "गोल."