निळ्या पॅनेलचा आकडा

दुपारी बाराच्या ठोक्याला शेजारच्या गच्चीवरून तात्यांची आरोळी यायची, "निळं, अडुसष्ट!" खालच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचं, काकींचं उत्तर, "लिवलं!" मग "काळं, एकसष्ट!", "लिवलं!" आणि "फिल्मवालं, साठ!", "लिवलं!" मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. कसबा बावड्यात राहायला आले तेव्हा पहिला आठवडाभर या आरडाओरड्यानं माझ्या नजरेतून काना-मात्रा निसटत होत्या. शेवटी तणतणत त्यांच्या गच्चीवर गेले आणि विचारलं, हे काय चाललंय रोज? "तुलना चाललीया," तात्या म्हणाले. "या की पावणं, बघा तरी."

तात्या साखर कारखान्याच्या वीज विभागातून निवृत्त झालेले. गच्चीवर त्यांनी तीन सोलर पॅनेलं एका ओळीत, एकाच कलानं बसवली होती. एक जुन्या धाटणीचं निळं, एक महागडं काळं आणि एक पातळ फिल्मचं, गुळगुळीत. तिन्ही सारख्याच वॅटची, प्रत्येकाला किती वॅट येतात ते दाखवणारा आपापला मीटर. "कंपनीचा आकडा गार खोलीतला," ते म्हणायचे. "हितं बावड्याचं ऊन हाय, आन कारखान्याची राख हाय. हितं टिकंल ते खरं." गळीत हंगामात धुराड्यातली काळी राख सगळ्या वस्तीवर उतरते. त्यामुळे त्यांचा नियम कडक होता. दर अमावास्येला तिन्ही पॅनेलं एकदम धुवायची, मधे कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

उन्हाळ्यात फिल्मवालं जरा तग धरायचं, पावसाळ्यात तिघंही मागं-पुढं असायची, पण हंगाम लागला की निळं सगळ्यांना मागं टाकायचं. तीन वर्षं असंच. "निळ्याच्या काचेवर राख थांबतच न्हाय," असा तात्यांनी शोध लावला होता. सकाळी दूध-कट्ट्यावर म्हशीचं समोर पिळलेलं ताजं दूध प्यायला जायचे, तेव्हा हातात पेला धरून ते तो शोध भेटेल त्याला सांगत. एका सोलरवाल्या इंजिनिअरशी तर त्यांचं चांगलंच वाजलं होतं.

मला खरं कारण माहीत होतं. तात्या कट्ट्यावर गेले की काकी धुणं वाळत घालायला वर यायच्या. दोरी नेमकी निळ्या पॅनेलच्या मागच्या कडेला लागून गेलेली. ओलं लुगडं वाऱ्यानं काचेवरच्या राखेला लागून काळं व्हायचं, म्हणून त्या आधी ते पॅनेल ओल्या फडक्यानं लख्ख पुसून घ्यायच्या. "ह्यास्नी सांगू नगासा बाई, कावतील," त्या मला म्हणाल्या होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी, ही एक चूक तशीच जाऊ दिली. खरं सांगायचं तर मला मजा वाटायची.

मग एका वर्षी ऐन हंगामात काकी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. दिवसकार्य झालं, मुलगा पुण्याला परतला, आणि एका दुपारी पुन्हा आरोळी आली, "निळं, अठ्ठावन्न!" तात्या उत्तराइतका वेळ थांबले. मग स्वतःच वहीत लिहून घेतलं. पुढे रोज ते तेवढेच थांबायचे. मला ते ऐकवत नसे. मी बाराला खिडकी लावून घ्यायला लागले.

निळं खाली आलं ते वर येईना, आणि अमावास्येचं धुणं अजून लांब होतं. तात्यांनी वायरी बदलल्या, मीटरांची अदलाबदल केली, जोड उघडून पाहिले. "निळं मेलं बाई," एका दुपारी ते कठड्यापाशी येऊन म्हणाले. "भंगारात देतो." आणि पाना घेऊन नट सोडवायला बसले. मला राहवेना. पलीकडे जाऊन मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तीन वर्सं वही खोटी?" ते माझ्यावरच खेकसले. "तुमास्नी म्हाईत हुतं, आन गप बसलासा?"

तात्यांनी नट पुन्हा आवळले, दोरीवरचं फडकं भिजवलं, निळं पॅनेल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसलं आणि म्हणाले, "मीटर बघा." आकडा चढत चढत अडुसष्टावर येऊन थांबला. मी तो मोठ्यानं सांगितला. तात्या पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

"निळं भारी, निळं भारी म्हणून मी गावभर बोंबलत हुतो," ते म्हणाले. "आन ती खाली बसून आपलाच आकडा लिवून घेत हुती. येकदा तरी बोलायचं हुतं की!"

पुढच्या अमावास्येला तिन्ही पॅनेलं धुवून त्यांनी नवी वही घातली. निळं आता काळ्याच्याही मागे असायचं. "आता खरी तुलना," ते म्हणाले. "तिघांस्नीबी पुसणारं कोण न्हाय."

उन्हाळ्यात मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी तात्यांनी निळं पॅनेल मीटरसकट माझ्या गच्चीवर बसवून दिलं आणि दोन्ही वह्या माझ्या हातात ठेवल्या. "तिकडं फ्लॅटला गच्ची न्हाय," ते म्हणाले. "तुमी पुसत जावा. नियम-बियम ऱ्हाऊ द्या."

मी रोज सकाळी पुसते. बाराला फोन वाजतो. मी मीटरसमोर उभी राहून सांगते, "निळं, अडुसष्ट." पलीकडे थोडा वेळ नुसता कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येतो.

मग तात्या म्हणतात, "लिवलं."

दोन्ही वह्या माझ्याच कपाटात आहेत.