वारा झेपला नाही, हे खोटं आहे

आगबोट देवगडच्या बंदराला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे. मी गाव सोडला त्या सकाळी पडावात माझी वळकटी, एक ट्रंक, आईने बांधून दिलेली कोकमाची सोलं आणि एक सायकल होती. सायकल माझी नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची होती. कुणकेश्वराच्या अलीकडे आमची वाडी. तिथपासून बंदरापर्यंत आक्काने ती हाताने ढकलत आणली. बसून आली नाही. तिला सायकलवर बसायला बंदी होऊन वर्ष होत आलं होतं.

पडाववाल्याने सायकल आडवी टाकली तेव्हा ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि चाक फिरू नये म्हणून सुंभाने बांधून दिलं.

"चेन ढिली जाता," ती म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यान गंजतली. तेल घाल."

आई पदर तोंडाला लावून उभी होती. बाबा घरी असून आले नव्हते. का आले नव्हते ते मला ठाऊक होतं, आक्कालाही ठाऊक होतं.

बाहेर गेलेल्या माणसांनी गावाबद्दल काय लिहायचं असतं ते मला माहीत आहे. माडांच्या सावल्या, तिरफळाचा वास, देवळातला दशावतार. असं मीही लिहिलं आहे, मी नोकरीला गेलो त्या कच्छमधल्या गांधीधामच्या कोकणी मंडळाच्या अंकात, दर दिवाळीला. आता ते पुरे. गेल्या वर्षी सड्यापलीकडच्या शाळेचा कार्यक्रम झाला. बाहेरगावी नोकरी केलेला म्हातारा म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एक तरुण वक्ता म्हणाला, "त्या काळी एक शिक्षिका सायकलने या शाळेत येत असत. परंतु आपल्या सड्यावरच्या वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, वाऱ्याला? मीही दोन वेळा हात आपटले. त्या मुलाचा दोष नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलला. ते आमच्या घराने सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे.

ती शिक्षिका म्हणजे आमची आक्का. तिचं नाव सुमती. व्हर्नाक्युलर फायनल पास झाली तेव्हा मामाने मुंबईहून सायकल पाठवली, दांडीची, वापरलेली. शाळा सड्याच्या पलीकडे सहा मैलांवर. एस.टी. तेव्हा त्या बाजूला फिरकत नव्हती. चालत रोज बारा मैल कोण करणार? सायकल होती म्हणून नोकरी होती, एवढं सरळ ते गणित होतं. नऊवारीचा काष्टा दांडीच्या सायकलला अडत नाही. रविवारी आम्ही दोघं समुद्राच्या पुळणीवर शिकलो. मी पडलो जास्त, ती कमी.

आमचा सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाटी चढून वर गेलं की सपाट काळा कातळ, झाड नाही, आडोसा नाही. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. दुपारनंतर खारा वारा, समुद्राकडून जमिनीकडे. ज्यांचं घर वर आणि काम बंदरावर, त्यांना दोन्ही वेळा वारा ढकलत न्यायचा. आक्काचं उलटं होतं. जाताना तोंडावर, येताना तोंडावर. माघ-फाल्गुनात संध्याकाळी असा सुटायचा की उभ्या माणसाला पाऊल मागे घ्यावं लागायचं. डोळ्यांत लाल माती, पदर फाटेल असा फडफडायचा. ती हँडलवर छाती टेकवून यायची. घरी आली की आधी तांब्याभर पाणी डोळ्यांवर मारायची, मग म्हणायची, "आज वारो माज्यापेक्षा दमलो." आणि हसायची. त्या वाऱ्याची तिने कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

बाबा शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमाने चालायची. आयुष्य शिडावर गेलेलं. सायकल त्यांनी हातात कधी धरली नाही, पण वारा म्हटल्यावर आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटायचं. त्यांनी आम्हा दोघांना अंगणात बसवून बोटाने मातीत रेघा काढल्या होत्या. "वाऱ्याच्या तोंडार सरळ जावचा नाय. आडवा घेवचा, वळाचा, परत आडवा घेवचा." शिडाच्या होडीला असंच नेतात. सायकलला शीड नसतं, पाय असतात, हे त्या अंगणात कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी पुळणीवर तसं नागमोडी चालवून पाहिलं तर पोरं मागे लागली. "तांडेलानू, शीड खंय ठेवलास?" महिनाभर मला ते पुरलं. विहिरीवर, देवळात, वाण्याकडे, सगळीकडे शीड. त्यानंतर मी सायकलला हात लावायचा सोडला.

दिवाळीनंतर बाबा मंगळूरकडे कौलं आणायला गेले. पावसाआधी परतायचे. त्यांच्या पाठी घरातला पुरुष म्हणजे मी, वीस वर्षांचा, आणि शेजारच्या घरात काका.

फाल्गुनात बोलणं सुरू झालं. सड्यावर गुरं राखणाऱ्यांनी पाहिलं म्हणे. मास्तरीण संध्याकाळी येताना रस्ता सोडते, कातळावर आत जाते, पुन्हा मागे वळते, मग परत येते. एकदा नाही, रोज. तिथे काय आहे? काजूची चार झाडं आणि पावसाळी पाण्याचा कोरडा व्हाळ. मग व्हाळात कोणीतरी असणारच. त्या कोणीतरीला आठ दिवसांत नाव मिळालं, जात मिळाली. त्याला पाहिलेला मात्र एकही माणूस पुढे आला नाही.

देवळात बैठक बसली. आक्काला बोलावलं नव्हतं. बायकांना बोलावत नसत. मानकरी खांबाला टेकून बसले होते, तंबाखू मळत. त्यातले एक मला म्हणाले, "तू तिचो भाव मां? मगे सांग. रस्तो सोडून चेडू कातळार कित्याक जाता?"

मला उत्तर माहीत होतं. निदान माझी तशी खात्री होती. ती बाबांनी शिकवल्याप्रमाणे वारा आडवा घेत होती, दुसरं काय असणार? एक वाक्य बोलायचं होतं. पण खांबाच्या मागे तीच पोरं उभी होती, पुळणीवरची. मला ऐकू येऊ लागलं होतं, शीड खंय, शीड खंय. माझे कान तापले. आणि मी म्हणालो, "माका म्हायत नाय."

भावालाच माहीत नाही म्हटल्यावर उरलं काय? एकजण खाकरला. कोणीतरी "अरे अरे" म्हणालं. सायकल बंद, असं ठरलं. गावाने ठरवलं म्हणतात, पण गाव म्हणजे सातआठ माणसं होती आणि त्यातला एक मी होतो. काका घरी येऊन आईला म्हणाले, "शाळेत असा सांगा, वारो झेपाक नाय. म्हणजे घराची इज्जत रवतली." इज्जत कोणाची? काकांनी पुतणीला वाचवलं असं अजून त्यांची नातवंडं सांगतात. त्यांनी तिला वाचवलं नाही, गाडलं, आणि वर छान दगड ठेवला.

आक्का चालत गेली काही दिवस. पहाटे कंदील घेऊन निघायची, काळोख पडल्यावर यायची, आणि चालत येणाऱ्या बाईबद्दलही बोलता येतंच. मग नोकरी सोडली. माझ्याशी ती भांडली नाही. ताटात भाकरी वाढताना पूर्वीसारखीच वाढायची. मला वाटलं, तिला बैठकीतलं माझं उत्तर कळलेलं नाही. किती सोयीचं वाटणं होतं ते.

बाबा वैशाखात परतले. पडवीत सायकल भिंतीला टेकलेली पाहून आईला विचारलं. आईने ठरलेलं वाक्य म्हटलं. बाबा उभेच राहिले. "वाऱ्यान?" ते म्हणाले. "माज्या चेडवाक वाऱ्यान हरवल्यान?" मग देवळातली सगळी हकिगत त्यांनी बाहेरून काढली आणि रात्री जेवताना मला एवढंच विचारलं, "तू थंय होतंस मां?"

मी मान हलवली. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. माझी नोकरी लागली, मी निघालो, तरी बंदरावर आले नाहीत. सायकल घेऊन जा असं आक्काच म्हणाली. "हयसर गंजान जातली," म्हणाली.

कच्छच्या किनाऱ्यावर तेव्हा कांडलाचं नवं बंदर उभं राहत होतं. मी तिथे टॅली क्लार्क झालो, जहाजातून उतरणारी पोती मोजायची. राहायला गांधीधाम, सड्यासारखंच उघडं, फक्त कातळाऐवजी मिठाची जमीन. आणि पवन. तिकडे वाऱ्याला पवन म्हणतात आणि चैत्रापासून तो असा वाहतो की सड्यावरचा वारा मला पोरगा वाटू लागला. ड्यूटीला जाताना समोरून यायचा. तोंडाला गमछा गुंडाळूनही दातांत खारट रेती. ट्रक बाजूने गेला की सायकल हातभर सरकायची. मी आक्काच्या सायकलवर, आक्कासारखी छाती हँडलला टेकवून रोज बंदरावर जात होतो आणि मला अडवणारं तिथे कोणी नव्हतं. पुरुष होतो. कुठेही वळलो असतो तरी माझी बैठक बसली नसती.

पहिल्याच महिन्यात एके दिवशी पाय अगदी भरून आले तेव्हा मी बाबांची युक्ती वापरली. आडवा, वळ, परत आडवा. मागून गोदामातला एक सिंधी मुकादम येत होता. ओरडला, "अरे कोकणी, सुबह सुबह पी के आया क्या?" मी थांबलो आणि सांगून टाकलं. बाप तांडेल आहे, त्याने असं शिकवलं. तो पोट धरून हसला. चहाच्या टपरीवर त्याने सगळ्यांना सांगितलं, तेही हसले. मीही हसलो. मग भोंगा झाला आणि सगळे कामाला गेले. संपलं. दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही नव्हतं.

त्या टपरीवरचा रिकामा ग्लास हातात घेऊन मी उभा राहिलो ते आजही आठवतं. एका चहाच्या वेळेपुरतं हसणं. एवढ्यालाच घाबरून मी बहिणीची नोकरी घालवली होती. आणि परक्या मुलखात, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं, तिथे तेच वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं होतं. गावाला मी माझं घर म्हणत होतो आणि तिथेच मला ते बोलता आलं नव्हतं. युक्तीचा उपयोगही शून्य, रस्ता तेवढा लांबतो.

तरीही मी लिहून कळवलं नाही. सुट्टीला आलो, गेलो. आक्काचं लग्न झालं, कणकवलीकडे दिलं. तिने पुन्हा कुठल्या शाळेत पाऊल टाकलं नाही. बाबा गेले. काका गेले, मानकरी गेले. देवगडला आता डांबरी रस्ता आहे, पवनचक्क्या आहेत, लोक वारा बघायला गाड्या घेऊन येतात आणि केस उडतानाचे फोटो काढतात. मला त्या फोटोंचा राग येतो. म्हाताऱ्याचा वेडेपणा म्हणा.

शाळेच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी कणकवलीला गेलो. आक्का मुलाच्या घरी ओट्यावर बसून बोटांनी चाचपत कुळीथ निवडत होती. कान तिचे अजून तल्लख आहेत, डोळे गेलेत. वक्ता काय म्हणाला ते सांगितलं. मग देवळात मी काय म्हणालो ते सांगितलं.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "त्याच रात्री कळला. भिंती काय जाड होत्यो?"

मी म्हटलं, आता सगळं खरं लिहिणार आहे. तू बाबांनी शिकवल्यासारखा वारा आडवा घेत होतीस, म्हणून रस्ता सोडत होतीस, हे गावाला कळू दे.

तिचे हात थांबले. "कोणी सांगल्यान तुका? ता आडवा-उभा मी दोन दिवसांत सोडलंय. त्येचो काय उपेग?"

मला कळेना. साठ वर्षं मी ज्या उत्तरावरून स्वतःला शिव्या घालत होतो ते उत्तरच चुकीचं निघालं. मग मी तिला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा, "मगे रस्तो सोडून खंय जाय होतंस गो?"

"मागे," ती म्हणाली. "जाताना वारो तोंडार, येताना वारो तोंडार. माका वाटला, दिवसात एकदा तरी पाठसून घेवया. थंय कातळ सपाट आसा, खड्डो नाय, दगड नाय. आत जावन सायकल वळवलंय, पाय वर घेतले काय, सायकल आपणच पळता. व्हाळापर्यंत. मगे परत वळायचा आणि घराक." ती थोडं हसली. "बरा वाटायचा रे. पोरां दिवसभर डोक्यार नाचत. तेवढोच वारो माजो."

मग पुन्हा कुळथात हात घालत म्हणाली, "माका कोणी इचारूक नाय. देवळात बोलावल्यानी असता तर मीच सांगलंय असतंय. तू पण इचारूक नाय."

म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही जे तिथे राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर गेलात, दोघांनाही सांगतो. सुमती वाऱ्यापुढे हरली नाही. तिला घरी बसवलं ते सातआठ पुरुषांनी, त्यात मी होतो, आणि आमच्यापैकी एकालाही तिला विचारावंसं वाटलं नाही. पुढच्या कार्यक्रमात कोणी वाऱ्याचं नाव घेतलं तर हे त्याला वाचून दाखवा.

त्या दिवशी कणकवलीहून देवगडला परतताना भाच्याला सड्यावर गाडी थांबवायला लावली. खारा वारा सुटला होता. रस्ता सोडून कातळावर आत गेलो, काठी टेकत, व्हाळ दिसेपर्यंत. कातळ खरंच सपाट आहे. वाडीतलं आमचं घर अजून आहे, भावकीच्या वाटणीत माझीही एक खोली आहे, पण मी तिथे उतरलो नाही. मला गावात जागा असेल तर ती त्या कातळावर आहे, जिथे आक्का पाय वर घेऊन सायकल पळू द्यायची. तिथे वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्याने मला ढकललं, आणि मी दोन पावलं पुढे गेलो.