काय खाल्लंत, एवढंच विचारलं

ज्याचा रस पिऊन तुमचं माणूस गेलं, तोच माइकवरून आरोग्याच्या गप्पा हाणत असेल, तर तुम्ही टाळ्या वाजवाल का?

मीठबाई त्या रसवाल्याच्या व्याख्यानाला गेली, ती टाळ्यांसाठी नव्हे. डायलिसिसच्या वॉर्डात ती आहारतज्ज्ञ. मिठावरून इतकी डाफरायची की पेशंटांनीच हे नाव ठेवलं. वीस वर्षं प्रत्येक खाटेपाशी एकच सवाल: "काल काय खाल्लंत?" उत्तर वहीत उतरवायचं आणि रक्ताच्या रिपोर्टशी ताडून बघायचं. खोटं बोलणारा तिच्या तावडीतून सुटत नसे.

सुटला तो तिच्याच वॉर्डात डायलिसिसवर असलेला तिचा मामा. वडील गेल्यावर शिवणयंत्र चालवून तिला शिकवणारा. "तू सांगितलंस तेच खाल्लं गं," म्हणाला, आणि ते खरंच होतं. दोन दिवसांनी, पाचाच्या आसपास हवं ते रक्तातलं पोटॅशियम आठावर गेलं, हृदय थांबलं. मामीच्या कपाटात हिरव्या रसाच्या चार बाटल्या. वर छापलेलं, 'किडनी धुऊन काढतो.'

"मामी, हे सांगितलं का नाहीत?"

"अगं, हे खाणं कुठं होतं? औषध ना ते!"

वीस वर्षांच्या प्रश्नालाच भोक होतं. ती रडली नाही. दातओठ खाऊन कामाला लागली. आता सवाल वेगळा: "पिता काय? दिलं कुणी?" वॉर्डात तोच रस पिणारे नऊ जण निघाले. तिनं बाटली प्रयोगशाळेत तपासून घेतली.

सभागृहात रसवाल्या साहेबांनी भरला ग्लास घटाघटा रिकामा केला. "बघा! मी रोज पितो. ठणठणीत!"

"असणारच," ती मागच्या रांगेतून उठली. "तुमची किडनी धडधाकट. जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ज्याला लघवीच होत नाही, त्यानं ते कुठं टाकायचं? हा घ्या रिपोर्ट. डायलिसिसवरच्या माणसाचा पोटॅशियमचा जवळजवळ दिवसभराचा वाटा तुमच्या एका बाटलीत आहे."

"ताई, तुमचा धंदा बसतोय, म्हणून पोटात दुखतंय."

"माझा पगार ठरलेला आहे हो. दुखतंय ते मामासाठी."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पिशवीतली बाटली काढली, साहेबांच्या टेबलावर आदळली आणि चालता झाला. मग आणखी दोघं. नंतर जिन्यात तिला गाठून साहेब हळूच म्हणाले, "चुकलं, ताई. मिटवून टाकू ना."

"मामाला उठवा. लगेच मिटवते."

अन्न-औषध खात्याकडे तक्रार दाखल झाली आहे. अधिकारी म्हणतात, एका बाटलीनं भागत नाही. सगळा माल तसलाच आहे हे दिसायला हवं. तेव्हा तुमच्या घरात असली बाटली असेल, तर मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावा आणि बिलासकट डायलिसिस वॉर्डात मीठबाईच्या हातात आणून द्या.